गृहकर्ज मंजूर झालंय, पैसे अजून सुटलेले नाहीत. अशात नोकरी बदलावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट बुक केलाय, बांधकाम चालू आहे, बिल्डरला ८ लाख दिलेत. बँकेने ६० लाखांचं मंजुरीपत्र दिलंय, करारनाम्याची नोंदणी पुढच्या महिन्यात आहे. मध्येच दुसऱ्या कंपनीची ऑफर आली, पगार जवळजवळ तीस टक्के जास्त. बँकेला सांगावं का? सांगितलं तर कर्ज रद्द होईल का? आणि गुपचूप राजीनामा दिला तर बँकेला कळतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी उत्सुकता तिथेच असते. हो, कळतं. गृहकर्जाच्या फायली तपासण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे कसं कळतं तेही सांगतो. पहिला चेक काढण्याआधी बँक ताजी पगारपत्रकं आणि खात्याचा उतारा पुन्हा मागू शकते, मंजुरीला दोन-तीन महिने उलटले असतील तर मागतेच. उताऱ्यात पगार जमा झाल्याच्या ओळीत कंपनीचं नाव असतं. ते बदललं किंवा पगाराच्या जागी ‘फुल अँड फायनल’ची, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाची, एकरकमी रक्कम दिसली की फाईल तिथेच थांबते. कधी एचआरला पडताळणीचा मेल जातो आणि ‘हे कर्मचारी सध्या नोटीस पिरियडवर आहेत’ असं एका ओळीचं उत्तर येतं. पीएफच्या यूएएनची (नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकाची) सर्व्हिस हिस्टरी तुमच्या संमतीने पाहिली जाते, त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. यातलं काहीच झालं नाही आणि पैसे सुटले, असंही घडतं. पण अर्जावर सही करताना ‘माहितीत बदल झाल्यास कळवीन’ हे तुम्ही लिहून दिलेलं असतं. ते मोडून घेतलेलं कर्ज बँक सबंध परत मागू शकते. बनावट पगारपत्रकापर्यंत कुणी गेलं, तर तो सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे.

त्यामुळे ‘सांगावं का’ हा प्रश्न मी निकाली काढतो. सांगायचंच. खरा प्रश्न कधी सांगायचं हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे राजीनाम्याचा मेल कधी पाठवायचा.

मंजुरीपत्राबद्दल लोकांचा एक समज पक्का असतो: पत्र आलं म्हणजे काम झालं. ते पत्र नीट वाचा. मुदत साधारण तीन ते सहा महिने असते आणि खाली अटींच्या यादीत कुठेतरी लिहिलेलं असतं की अर्जदाराच्या परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाला तर मंजुरी मागे घेता येईल. नोकरी बदलणं हा असा बदल आहे. बँकेने ६० लाख मंजूर केले ते तुम्हाला, त्या पगाराला आणि त्या कंपनीला मिळून. यातला एक भाग बदलला की हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो तुमच्या बाजूनेही लागू शकतो, पण मांडावा लागतोच.

आता तो हिशेब पाहू, कारण ‘पगार तीस टक्के वाढतोय, मग बँकेला अडचण काय’ हे वाक्य मी सारखं ऐकलंय. ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. ६० लाखांचा झाला ५२ हजारांच्या थोडा वर. बहुतेक बँका तुमच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत चालवून घेतात. पगार मोठा असेल तर थोडं सैल सोडतात, लहान असेल तर आवळतात. समजा जुन्या नोकरीत सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १७ लाख होता आणि महिन्याला १ लाख १० हजार हातात येत होते. निम्मे ५५ हजार, ६० लाख व्यवस्थित बसले. नव्या ऑफरवर २२ लाख लिहिलंय. पण उघडून पाहिलं तर त्यात ४ लाख व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला पगार), दीड लाख जॉइनिंग बोनस आणि उरलेले साडेसोळा लाख फिक्स्ड. त्या फिक्स्डमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली. हातात येणार १ लाख ६ हजारांच्या आसपास. म्हणजे बँकेच्या वहीत तुमचा पगार वाढलाच नाही, किंचित घटला.

व्हेरिएबल का धरत नाहीत? मागच्या दोन वर्षांच्या फॉर्म १६ मध्ये ते प्रत्यक्ष मिळाल्याचं दिसत असेल, तर बँक त्याची सरासरी काढून काही भाग धरते. नव्या कंपनीत तुमचा इतिहासच नाही, म्हणून शून्य. जॉइनिंग बोनस एकदाच येतो, म्हणून तोही शून्य. शेअर्स, ईसॉप वगैरेही त्याच रांगेत. तरी वरच्या उदाहरणात ६० लाख कसेबसे बसतात, कारण निम्मे होतात ५३ हजार. पण नव्या नोकरीच्या आनंदात ९ हजार हप्त्याची गाडी घेतलीत की घरासाठी उरले ४४ हजार, आणि कर्ज आलं पन्नास-एक्कावन्न लाखांवर. नऊ लाखांचं खिंडार, तेही करारनाम्याच्या तोंडावर. कर्ज पूर्ण हातात येईपर्यंत नवीन हप्ता, नवीन क्रेडिट कार्ड, मोबाईलचा ईएमआयसुद्धा नको. हे नोकरी न बदलणाऱ्यांनाही लागू आहे, पण बदलणाऱ्यांना दुप्पट.

कोणत्या नोकरीतून कोणत्या नोकरीत जाताय, यावर बँकेचा चेहरा बदलतो. त्याच क्षेत्रातली मोठी कंपनी, एकूण अनुभव सलग, मध्ये खंड नाही, तर फारसं काही होत नाही. ऑफर लेटर, रुजू झाल्याचं पत्र, पहिलं पगारपत्रक, काही बँका तीन पगारपत्रकं मागतात, आणि फाईल पुढे सरकते. प्रोबेशनचा बाऊ लोक गरजेपेक्षा जास्त करतात. एकूण अनुभव चांगला असेल तर पुष्कळ बँका प्रोबेशनवरच्या माणसालाही कर्ज देतात. बँकांकडे कंपन्यांची वर्गवारी असते. वरच्या वर्गातल्या कंपनीतून यादीत नसलेल्या छोट्या कंपनीत गेलात, तर रक्कम कमी होऊ शकते किंवा व्याजातली सवलत जाऊ शकते. यावर वाद घालून उपयोग नसतो. तुमची बँक त्या कंपनीला ओळखत नसेल तर दुसरी एखादी ओळखत असेल.

एका प्रकाराला मात्र मी स्पष्ट नको म्हणतो: पगारदार नोकरी सोडून त्याच कामावर ‘कन्सल्टंट’ म्हणून जाणं. हल्ली अशा ऑफर पुष्कळ येतात आणि हातात येणारा आकडा खरोखर मोठा असतो, कारण पीएफ कापला जात नाही आणि टीडीएस सरसकट १० टक्के. काम तेच, टेबल तेच, साहेबही तेच. पण बँकेच्या दृष्टीने तुम्ही आता नोकरदार नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहात. तुमचं उत्पन्न पगार नाही, फी आहे. अशा अर्जदाराकडून बँक दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते आणि तुमच्याकडे त्या उत्पन्नाचं एकही नसतं. महिना दीड लाख कमावणाऱ्या माणसाचं कर्ज यावर अडलेलं मी पाहिलंय, आणि त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. स्वतःचा व्यवसाय काढणं, सहा महिन्यांचा ब्रेक घेणं, हेही याच खात्यात. ताबा मिळून पूर्ण रक्कम सुटेपर्यंत हे विचार बाजूला ठेवा.

आता वेळेचं गणित. तुमच्या व्यवहारात तीन टप्पे आहेत: करारनाम्याच्या नोंदणीआधी, नोंदणी आणि पहिलं वाटप (बँकेने कर्जाचा पहिला भाग बिल्डरला देणं) यांच्या मधला काळ, आणि पहिलं वाटप झाल्यानंतर. लोक पहिल्याला घाबरतात आणि दुसऱ्यात बेफिकीर होतात. व्हायला हवं उलटं.

तुम्ही सध्या पहिल्यात आहात आणि इथे तुमचे हात सर्वात मोकळे आहेत. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुम्ही दिलेले ८ लाख म्हणजे बरोबर १० टक्के. सेल्स ऑफिसमधून ‘सर, नोंदणी लवकर करून घेऊ’ असे फोन येतात त्यामागे हेही कारण असतं, कारण पुढची मागणी त्यानंतरच काढता येते. म्हणजे घाई बिल्डरला आहे, तुम्हाला नाही. त्यामुळे नोंदणी चार-सहा आठवडे पुढे ढकलून मागताना संकोचू नका. फक्त होकार मेलवर घ्या. सेल्सवाल्याचा तोंडी शब्द तो कंपनी सोडून गेला की संपतो, आणि तोही नोकरी बदलतोच. व्यवहार अगदीच फिसकटला तर या टप्प्यावर नुकसानही मर्यादित आहे. महारेराने (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाने) २०२२ मध्ये ठरवून दिलेल्या वाटपपत्राच्या, म्हणजे बुकिंगनंतर बिल्डर देतो त्या पत्राच्या, नमुन्यात रद्द केल्यावर किती कापायचं ते दिलंय: १५ दिवसांत रद्द केलं तर काही नाही, १६ ते ३० दिवसांत फ्लॅटच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. ८० लाखांवर २ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. कमी नाहीत, पण आठच्या आठ लाख बुडण्यापेक्षा बरे. तुमच्या हातातलं वाटपपत्र या नमुन्याशी ताडून पाहा.

नोंदणी झाली की चित्र पालटतं. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. हे पैसे कर्जात धरले जात नाहीत, खिशातून जातात. शिवाय बँक आपला पहिला पैसा काढण्याआधी तुमच्या वाट्याचे पैसे भरल्याच्या पावत्या मागते. तुमच्या हिशेबात किमतीतले उरलेले १२ लाख आणि हे जवळजवळ ६ लाख, मिळून १८ लाख याच काळात बाहेर पडणार. आणि नेमकं तेव्हाच नोकरी बदलण्यामुळे पगार थांबतो. कसा, ते बारकाईने पाहा. नोटीसच्या शेवटच्या महिन्याचा पगार बऱ्याच कंपन्या रोखून धरतात आणि अंतिम हिशेबात देतात, त्या हिशेबाला महिना-दीड महिना सहज लागतो. नव्या कंपनीत पेरोलची कटऑफ तारीख विसाच्या आसपास असली आणि तुम्ही बावीसला रुजू झालात, तर पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे दोन महिने खात्यात पगाराची ओळच नाही. बँकेचा अधिकारी उतारा उघडतो तेव्हा त्याला दिसतं काय? बचत रिकामी झालेली, पगार बंद, कंपनी बदललेली. तुम्हाला माहीत आहे की हे तात्पुरतं आहे. त्याला तसं मानून चालत नाही.

आणि याच वेळी बिल्डरची मागणीपत्रं सुरू झालेली असतात. करारनाम्याच्या नमुन्याप्रमाणे हप्ता उशिरा दिला तर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा आधारभूत कर्जदर) अधिक २ टक्के या दराने व्याज लागतं. तीन हप्ते थकले तर १५ दिवसांची नोटीस देऊन बिल्डर करार रद्द करू शकतो. ‘बँकेने पैसे सोडले नाहीत’ हे कारण करारात कुठेच बचाव म्हणून लिहिलेलं नसतं. म्हणून नोंदणी आणि पहिलं वाटप यांच्यामधल्या फटीत राजीनामा देऊ नका. बाकी सल्ला नाही ऐकलात तरी चालेल, एवढा ऐका.

पहिलं वाटप झाल्यावर ताण उतरतो. बांधकाम चालू असलेल्या घरासाठी रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसारच सोडावी, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच बजावलंय. त्यामुळे ६० लाख एकदम निघणार नाहीत, स्लॅबप्रमाणे निघतील, आणि त्या काळात तुम्ही नोकरी बदललीत तर बहुधा बँक पुढची रक्कम अडवत नाही. कर्ज सुरू झालेलं असतं, काही रक्कम गुंतलेली असते, घर गहाण असतं. मात्र कर्जकरारात नोकरी बदलल्यास लेखी कळवण्याची अट असते. ती पाळा, आणि प्री-ईएमआयचा, म्हणजे पूर्ण रक्कम सुटेपर्यंत भरायच्या नुसत्या व्याजाचा, एकही हप्ता चुकू देऊ नका. हप्ता चुकला तर मात्र पुढचं वाटप थांबवायला बँकेला आयतं निमित्त मिळतं.

जुनं घर विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे टप्पे नसतात, एकाच दिवशी सगळी रक्कम निघते, त्यामुळे वाटप झालं की विषय संपला. पण वेळ फार कमी असतो. साठेखतात दीड-दोन महिन्यांची मुदत लिहिलेली असते आणि ती उलटली तर विसाराची रक्कम जप्त होण्याचं कलम असतं. साठेखत लिहितानाच ‘बँकेने कर्ज नाकारल्यास विसार परत’ हे वाक्य घालून घ्या. विकणारा कुरकुर करेल, घासाघीस करा. नोकरी बदलण्याची नुसती शक्यता असली तरी हे वाक्य हवंच.

मग तुम्ही नेमकं काय करायचं? ऑफर चांगली असेल तर सोडू नका. घरासाठी चांगली नोकरी हातची घालवणं मला कधीच पटलेलं नाही. रुजू होण्याची तारीख मात्र लांबची मागा. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड एरवी जाचक वाटतो, इथे तो तुमच्या कामी येतो. कंपनी ‘नोटीस आम्ही विकत घेतो, लवकर या’ म्हणाली तर नम्रपणे नको म्हणा. त्यानंतर बँकेला कळवा, नोंदणीच्या आधी. शाखेत जाऊन गप्पा मारून नाही, मेलवर. आशय एवढाच: ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या मंजूर कर्जाबाबत. मी अमुक महिन्यात अमुक कंपनीत रुजू होण्याच्या विचारात आहे, अद्याप राजीनामा दिलेला नाही. ऑफर लेटर आणि पगाराची विभागणी सोबत जोडली आहे. यामुळे मंजूर रक्कम, व्याजदर किंवा अटींत बदल होणार असल्यास करारनाम्याच्या नोंदणीपूर्वी लेखी कळवावे.’ विनवणी नको, स्पष्टीकरणाचा निबंध नको.

यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. ‘काही बदल नाही’ आलं तर नोंदणी करा, पहिलं वाटप होऊ द्या आणि मग राजीनामा द्या. ‘रक्कम किंवा दर बदलेल’ आलं तर सुधारित मंजुरीपत्र आणि त्यासोबत नवं की फॅक्ट स्टेटमेंट मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं आणि त्यात वार्षिक खर्चाचा खरा दर एका आकड्यात दिसतो. रक्कम कमी पडत असेल तर कमावत्या जोडीदाराला सहअर्जदार करणं हा सर्वात सरळ उपाय. सहअर्जदार सहमालक असायलाच हवा असं नाही, सहमालकाला मात्र बँक बहुतेक वेळा सहअर्जदार करून घेते. तिसरं उत्तर: ‘रुजू व्हा, पगारपत्रकं घेऊन या, मग बघू.’ हे आलं तर नोंदणी पुढे ढकला, बिल्डरचा लेखी होकार घ्या आणि मगच राजीनामा द्या. या काळात दुसऱ्या एका बँकेत विचारायला हरकत नाही. पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलच्या अहवालात नोंदली जाते आणि लागोपाठच्या नोंदी पाहून नवी बँक बिचकते.

कर्जाचा एजंट तुम्हाला सांगेल, ‘आत्ता कशाला बोलताय, चेक निघू दे.’ त्याचं कमिशन वाटपावर असतं. तो वाईट माणूस नाही, पण हप्ते तुम्ही भरणार आहात.

स्वतःच्या वाट्यासाठी पीएफमधून रक्कम काढायची असेल तर तो अर्ज राजीनाम्याआधीच मार्गी लावा. नोकरी सोडली आणि जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही, तर ती स्वतः टाकायला दोन महिने थांबावं लागतं आणि तोवर खातं हस्तांतराच्या मधोमध लटकतं. नव्या कंपनीला जुन्या नोकरीतलं या वर्षीचं उत्पन्नही कळवा. न कळवल्यास दोन्हीकडे कर कमी कापला जातो आणि वर्षाच्या शेवटी, नेमके हप्ते सुरू झालेले असताना, मोठा भरणा अंगावर येतो. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून कर्जाच्या रकमेएवढा मुदत विमा स्वतःच्या नावावर आधीच घेऊन ठेवा.

आणि हप्त्याचं खातं. कर्जाचा नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) बहुतेकांनी जुन्या पगाराच्या खात्यावर दिलेला असतो. नवी कंपनी दुसऱ्या बँकेत खातं उघडायला लावते, पगार तिकडे जातो, आणि मँडेट मात्र जुन्याच खात्यावर टकटक करत राहतो. काही महिने पगार जमा झाला नाही की ते खातं साधं बचत खातं होतं, किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड सुरू होऊ शकतो आणि एके दिवशी हप्ता परत जातो. मँडेट नव्या खात्यावर बदलायचा अर्ज रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच द्या, आणि नव्या खात्यातून पहिला हप्ता गेलेला दिसेपर्यंत जुन्या खात्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम पडू द्या.